हिमसंकटाची परिभाषा : दावोस येथील हिमसूचनेच्या इतिहासाचा एक विचार

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातील दावोस हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षयरोग्यांचे आरोग्यस्थान म्हणून, व विसाव्या शतकात हिमावरून घसरत जाण्याच्या, म्हणजे स्कीच्या खेळाचे केंद्र म्हणून प्रसिद्धीस आले. या गावाशी निगडित असलेली तिसरी गोष्ट त्या मानाने कमी परिचित आहे. ती म्हणजे हिमाची स्थिती व हिमस्खलनाचा धोका यांविषयी प्रसिद्ध होणारी नियमित सूचना. या सूचनेचा इतिहास बहुधा उपकरणांचा व मोजमापांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो तितकाच शब्दांचाही इतिहास आहे. डोंगरावर काय घडू घातले आहे हे जाणणे हा प्रश्नाचा एक भाग. जे जाणले ते उतारावर निघालेल्या माणसास नेमके कळविणे हा दुसरा. पहिल्या भागात जेवढी प्रगती झाली, तेवढी दुसऱ्यात झाली काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

आल्प्समधील रहिवाशांना हिमस्खलनाचा अनुभव शतकानुशतकांचा. उत्तरकालीन लॅटिनमधील 'लाबिना' हा शब्द 'घसरणे' या अर्थाच्या 'लाबी' या क्रियापदावरून आला. त्यापासून रोमान्श भाषेतील 'लाविना' व पुढे जर्मनमधील 'लाविने' हे शब्द सिद्ध झाले. फ्रेंचमध्ये मूळ शब्दावर 'खाली उतरणे' या अर्थाच्या दुसऱ्या क्रियापदाचा संस्कार होऊन 'अव्हालांश' हे रूप रूढ झाले. मराठीतील 'हिमस्खलन' या शब्दातही घसरण्याचीच कल्पना आहे. आल्प्समधील लोकांनी स्खलनाचे दोन प्रमुख प्रकारही मानले होते : हवेत भुकटी उधळीत येणारे 'धूलिस्खलन' आणि जमिनीपासून सारा थर ओढून नेणारे 'तलस्खलन'. योहान कोआझ या वनाधिकाऱ्याने १८८१ मध्ये स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ही लोकपरिभाषा शास्त्रीय लेखनात स्थिरावली होती. परंतु या परिभाषेची एक मर्यादा होती. ती कोसळलेल्या हिमाचे वर्णन करी. कोसळण्यापूर्वीच्या, उतारावर स्वस्थ पडून असलेल्या हिमाविषयी तिला फारसे सांगता येत नसे. पूर्वसूचनेस नेमकी याच दुसऱ्या भाषेची गरज होती.

ती गरज एका नव्या परिस्थितीने तीव्र केली. १९३१-३२ मध्ये दावोसहून वाइसफ्लूयोख या २,६०० मीटरांहून उंच खिंडीपर्यंत पार्सेन रज्जुरेल्वे सुरू झाली. पूर्वी जो माणूस तासन्‌तास चढून, पावलागणिक हिम अजमावीत माथ्यावर पोहोचे, तो आता काही मिनिटांत तेथे उतरू लागला. चढणीत आपोआप होणारी हिमाची ओळख नाहीशी झाली व तिची जागा दुसऱ्याने दिलेल्या माहितीस घ्यावी लागली. १९३१ मध्येच हिम व हिमस्खलन यांच्या संशोधनासाठी स्विस आयोग नेमण्यात आला होता. १९३६ पासून वाइसफ्लूयोख येथे, प्रथम हिमातच उभारलेल्या प्रयोगशाळेत, खनिजशास्त्रज्ञ हेन्री बाडर, अभियंता रुडोल्फ हेफेली व त्यांचे सहकारी काम करू लागले. त्यांचा हिम व त्याचे रूपांतर या विषयावरील ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथाच्या नावातील 'रूपांतर' हा शब्द महत्त्वाचा आहे. पडलेले हिम हा निर्जीव ढीग नसून त्याचे कण सतत बदलत असतात, असे या संशोधकांनी दाखविले. जमिनीलगतचे हिम तुलनेने उबदार असते, तर पृष्ठभाग अतिथंड असतो. हिमाचा थर पातळ असल्यास तापमानातील हा फरक थोड्या अंतरात सामावलेला असतो. अशा वेळी खालची बाष्प वर सरकून पुन्हा गोठते व तळाशी पेल्यांच्या आकाराचे, परस्परांस न चिकटणारे स्फटिक तयार होतात. स्कीपटू व गिर्यारोहक या थराला 'तरते हिम' म्हणत असत. शास्त्राने या नावामागील कारण दिले. त्यावर वादळाने नव्या हिमाचा भार टाकला व वाऱ्याने वळणावळणांत त्याचे घट्ट थर रचले, की खालचा दुर्बल थर मोडतो व वरचा सबंध पट्टा सुटतो. म्हणजे वादळाचे भाकीत एकटे पुरेसे नाही. तेच वादळ एका हिवाळ्यात निरुपद्रवी व दुसऱ्यात प्राणघातक ठरते. निर्णय खाली काय दडले आहे यावर अवलंबून असतो.

१९४२ मध्ये हिम व हिमस्खलन संशोधनसंस्थेची स्थापना झाली. महायुद्धाच्या काळात हिमस्खलनाच्या सूचना लष्कर देत असे. १९४५ मध्ये ते काम या संस्थेकडे आले. आरंभी सूचना साधारणतः आठवड्यातून एकदा निघे. पुढे ती रोजची झाली. १९५०-५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांत ९८ माणसे मरण पावली; एकट्या वाल्स गावात २० जानेवारी १९५१ रोजी १९ जणांचा बळी गेला. १९९९ च्या फेब्रुवारीत पुन्हा तशाच प्रचंड हिमवृष्टीने आल्प्सला घेरले. त्या वेळी स्वित्झर्लंडमधील मृतांची संख्या १७ होती. उतारांवरील संरक्षक बांधकामे, धोक्याच्या क्षेत्रांचे नकाशे, वेळेवर बंद केलेले रस्ते व सूचना या सर्वांचा त्यात वाटा होता. गावांच्या रक्षणापुरते पाहिले तर हा इतिहास यशाचा आहे.

भाषेचा प्रश्न मात्र निराळ्या ठिकाणी उभा राहिला. निरनिराळ्या देशांच्या धोकाश्रेणी निरनिराळ्या असल्याने सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रवाशाची दिशाभूल होई. म्हणून एप्रिल १९९३ मध्ये बव्हेरियातील विल्डबाड क्रॉइट येथे पाच पायऱ्यांची समान युरोपीय श्रेणी ठरविण्यात आली. अंक एक झाले. शब्द एक होणे शक्य नव्हते. दुसरी पायरी जर्मनमध्ये 'मेसिश' आहे. त्याचे मूळ 'माप' या शब्दात, म्हणून त्यास 'बेताचा' म्हणता येईल. फ्रेंचमध्ये तिला 'मर्यादित' या अर्थाचा शब्द आहे, तर इटालियन व इंग्रजी शब्द 'मध्यम' या अर्थाचे आहेत. तिसऱ्या पायरीचा जर्मन शब्द 'एर्हेब्लिश' हा 'उचलणे' या क्रियापदापासून निघालेला, म्हणजे 'दखल घेण्याजोगा'. फ्रेंच व इटालियन शब्द 'ठळक' असे सुचवितात; इंग्रजी शब्दाचा मूलार्थ 'विचारात घेण्याजोगा' असा आहे. एकाच धोक्यास कोठे मापाची, कोठे सीमेची, कोठे खुणेची उपमा मिळालेली आहे.

२०१२-१३ च्या हिवाळ्यापासून स्विस सूचनेने या प्रश्नावर एक उल्लेखनीय उपाय योजला. सूचना लिहिणारा तज्ज्ञ आता मुक्तपणे वाक्ये रचीत नाही. सुमारे ११० पूर्वनिश्चित वाक्यसाच्यांतून व त्यांतील पर्यायांतून तो जर्मन मजकूर निवडतो, आणि तोच मजकूर फ्रेंच, इटालियन व इंग्रजीत तत्काळ सिद्ध होतो. लिंग, वचन, विभक्ती व पदक्रम यांची जुळणी साचे करतानाच साधलेली असते. मध्यरात्री अनुवादकास उठविण्याची गरज उरली नाही. भाषेचा आवाका येथे बुद्ध्या आखडला आहे. ज्या मजकुरावर प्राण अवलंबून आहेत, त्यात वैचित्र्यापेक्षा एकार्थता मोलाची, हा विचार त्यामागे आहे.

तथापि एकार्थता लिहिणाऱ्याच्या बाजूने साधता येते. वाचणाऱ्याच्या बाजूची शाश्वती कोण देणार? स्वित्झर्लंडमध्ये तिसरी पायरी हिवाळ्यातील सुमारे ३० टक्के काळ जाहीर असते आणि हिमस्खलनातील सुमारे निम्मे मृत्यू याच पायरीवर होतात. पाचवी पायरी जाहीर झाली की मार्ग बंद होतात, माणसे घरात राहतात. तिसरीवर उतार खुला दिसतो, आकाश बहुधा निवळलेले असते आणि ताजे हिम मोह घालते. शिवाय पाचांपैकी तिसरे म्हणजे मधले, अर्थात मध्यम, असे वाचक स्वाभाविकपणे समजतो. परंतु ही श्रेणी समान अंतराची नाही, प्रत्येक पायरीबरोबर धोका कित्येक पटींनी वाढतो. शब्द 'दखल घ्या' असे सांगत असतो, तर त्याचे स्थान 'अजून दोन पायऱ्या बाकी आहेत' असे सुचवीत असते. अशा प्रसंगी वाचक स्थानावर विश्वास ठेवतो.

वाइसफ्लूयोखच्या मापनक्षेत्रावर १९३६ पासून हिमाची उंची मोजली जात आहे. इतकी दीर्घ नोंद दुर्मिळ होय. हिमाचे थर या नोंदींनी पुष्कळच उलगडले आहेत. पण सूचनेचे कार्य मापनाने पुरे होत नाही व वाक्यरचनेनेही नाही. ते उतारावर उभ्या असलेल्या माणसाने पाऊल मागे घेतल्यावर पुरे होते. त्या दृष्टीने तिसऱ्या पायरीस योग्य शब्द सापडावयाचा अद्याप राहिलेला आहे.