फडक्यातले मोड

गेले आठ दिवस पाऊस धरून बसलाय. बाजारात मेथीची जुडी हातात घ्यावी तर आतून निम्मी सडलेली. शाळेतून भिजून आलेल्या पोरांपुढे संध्याकाळी काय ठेवायचं, हा प्रश्न आपल्या आज्यांनाही पडायचा. पण त्यांची भाजी मंडईत नसायचीच, ती घरातल्या कणगीत असायची.

माझं माहेर रायगडातलं. आमच्याकडे भात निघालं की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. शिमग्याच्या आगेमागे तो हाती येतो. आजी तो कडकडीत उन्हात वाळवायची, राख चोळून ठेवायची आणि आषाढ लागला की बाहेर काढायची. आदल्या दिवशी भिजत घालायचा, रात्री उपसून फडक्यात बांधायचा. मोड आले की कोमट पाण्यात टाकून सालं काढायची. ते सोलणं म्हणजे बायकांची अख्खी दुपार. बाहेर पाऊस, आत चार जणी परातीभोवती, आणि गावातली एकही गोष्ट सोलायची राहत नसे!

आज मला सांगायचंय ते या फडक्यातल्या गाठोड्याबद्दलच. एका लढाईच्या इतिहासात त्याचा धागा सापडतो.

पहिलं महायुद्ध चालू होतं. आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या काठी कुत नावाचं गाव आहे. डिसेंबर 1915मध्ये तिथे तुर्की सैन्याने इंग्रजांच्या फौजेला वेढा घातला. ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते आणि मराठा पलटणीही होत्या. आपल्याच घाटावरची, कोकणातली पोरं. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. 29 एप्रिल 1916 रोजी फौज शरण गेली, तोवर माणसं भुकेने खंगली होती.

भुकेबरोबर आणखी एक दुखणं आलं, स्कर्व्ही. यात हिरड्या सुजतात, त्यातून रक्त येतं, दात हलतात, सांधे दुखतात, जुनी जखमसुद्धा पुन्हा उघडते. ताजी भाजी, फळं पोटात गेली नाहीत की हे होतं. गोऱ्या शिपायांना घोड्याचं मांस मिळत होतं, त्याने त्यांचा थोडा बचाव झाला. आपल्या बऱ्याच शिपायांनी धर्मामुळे ते बरेच दिवस नाकारलं. वेढ्यातली माणसं आसपास उगवलेला रानपाला खुडून शिजवत होती. कुतच्या बाहेर, मेसोपोटेमियातल्या बाकीच्या फौजेतही त्या वर्षी हिंदी शिपाई हजारोंनी स्कर्व्हीने आजारी पडले.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत तरी कसली म्हणायची. हिंदी शिपायाच्या शिध्यात पीठ होतं, तूप होतं आणि डाळही होती. पण डाळ म्हणजे भरडलेला दाणा. तिला तुम्ही चार दिवस भिजवा, मोड यायचे नाहीत. कोंब फुटायला अख्खा दाणाच लागतो. घरात आई जे रोज करत होती, ते या पोत्यातून होण्यासारखं नव्हतं.

याचा छडा लावणाऱ्यांत बायका पुढे होत्या. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक नावाच्या संशोधक होत्या. 1905मध्ये त्या तिथे रुजू होताना, बाईला घेऊ नका म्हणून तिथल्याच दोघा पुरुषांनी विनवणी केली होती. युद्धात त्यांनी आणि त्यांच्या सहकारी बायकांनी सैन्याचा शिधाच तपासायला घेतला. माणसासारखी स्कर्व्ही गिनिपिगला होते, म्हणून प्रयोग त्याच्यावर. चिक आणि वनस्पतीशास्त्राच्या अभ्यासक मॅरियन डेल्फ यांनी 1919मध्ये निष्कर्ष छापला. कोरड्या कडधान्याने स्कर्व्ही टळत नाही. तेच कडधान्य भिजवून दोनेक दिवस ओलसर ठेवलं, मोड आले, की टळते. शिजवल्यावर गुण कमी होतो, पण सगळा जात नाही. हे ज्याच्यामुळे होतं त्या क जीवनसत्त्वाची ओळख तर पुढे 1930नंतर पटली.

पंजाबातल्या हिसार भागात 1939-40च्या दुष्काळात स्कर्व्ही पसरली, तेव्हा लोकांना मोड आलेले हरभरे वाटले गेले आणि त्याचा उपयोग झाला. संत्री-मोसंबी कुठून आणणार होते दुष्काळात? हरभरा, पाणी आणि ओलं फडकं, एवढ्यावर भागलं.

हे वाचलं तेव्हा मला आजीचं कौतुक वाटलं, आणि थोडा रागही आला. हे ज्ञान घराघरात होतं, पण शिध्याची यादी करणाऱ्याने कुठल्या आईला विचारलं नव्हतं.

आता आपल्या पोरांच्या वाटीकडे येऊ. हल्ली कच्चे मोड खायची टूम निघाली आहे. पावसाळ्यात तरी ते करू नका. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही आवडते. जर्मनीत 2011मध्ये कच्च्या मोडांतून जंतू पसरून हजारो माणसं आजारी पडली, 50हून अधिक दगावली. आपल्याकडे उसळ शिजवूनच खातात, ती रीत मला शहाणपणाची वाटते.

मटकी किंवा मूग निवडून, तीन पाण्यांनी धुऊन आठ-दहा तास भिजवा. पाणी पूर्ण निथळू द्या, मग स्वच्छ, कोरड्या सुती फडक्यात सैलसर बांधा. घट्ट बांधलं की आतला दाणा गुदमरतो आणि वास येतो. या हवेत मोडाला एक दिवस लागतो, कधी दीड. चिकट झाले किंवा आंबूस वास आला तर जीव न अडकवता टाकून द्या. चांगले मोड पुन्हा धुवा आणि झाकण ठेवून सात-आठ मिनिटं खणखणीत वाफ द्या. वाफवलेलं पाणी फेकू नका, आमटीत घाला. वर जिरं-हिंगाची फोडणी, बारीक कांदा, खोबरं, कोथिंबीर. लिंबू मात्र खाली उतरवून, वाढताना पिळा. वाफेत जे क जीवनसत्त्व गेलं ते लिंबातून थोडं परत येतं, आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायलाही त्याची मदत होते. आपल्यात रक्त कमी असलेल्या बायका किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा सगळी वाटी पोरांना देऊन मोकळ्या होऊ नका.

आणि दुकानात गेलात की मूग अख्खे मागा. किडका, फुटका दाणा भिजवण्याआधीच वेगळा काढा. तो फडक्यात राहिला की सगळं गाठोडं नासवतो.