एक आज्ञावली, अनेक भाषा

संगणकाची आज्ञावली मराठीत आणायची म्हणजे तिच्यातील इंग्रजी वाक्ये काढून तेथे मराठी वाक्ये घालायची, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात कोणतीही मोठी आज्ञावली एकसंध लिहिलेली नसते. फाईल उघडण्याची चौकट, छपाईची चौकट, तारीख दाखवणारा भाग असे तयार घटक जोडून ती उभी केलेली असते. एक घटक एकदाच लिहिला जातो आणि एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या शेकडो आज्ञावलींमध्ये वापरला जातो. मग प्रश्न असा, की अशा सामाईक घटकाने बोलायचे कोणत्या भाषेत? त्याची मराठी वाक्ये कोणी आणि कोठे ठेवायची? सर्वांसाठी समान काय आणि प्रत्येक भाषेचे वेगळे काय, ही रेषा नेमकी कोठे ओढायची?

हा प्रश्न संगणकाच्याही आधीचा आहे. त्याचे एक उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न नागपुरात झाला होता.

नागपूरचा शब्दसंग्रह

१९५६ पर्यंत नागपूर ही आधी मध्यप्रांत व वऱ्हाडची आणि नंतर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती. या राज्यात हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांचे लोक होते. इंग्रजी जाऊन देशी भाषांमध्ये कारभार करायचा तर शब्द हवे होते. डॉ. रघुवीर यांनी १९४६ च्या सुमारास आपली संस्था लाहोरहून नागपूरला आणली आणि परिभाषेचे काम येथे चालवले. त्यांचा इंग्रजी-हिंदी पारिभाषिक कोश १९५५ मध्ये नागपूरहूनच प्रसिद्ध झाला.

त्यांची पद्धत आज पाहिली तर ती संगणकतज्ज्ञाला ओळखीची वाटेल. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय हे मोजके घटक घ्यायचे आणि त्यांच्या जोडणीतून हजारो शब्द तयार करायचे. विधी, विधान, विधेयक, विधायक, संविधान हे शब्द शेजारी ठेवले की अशा जोडणीचे स्वरूप ध्यानात येते. घटक सर्व भारतीय भाषांना सामाईक असल्याने एका भाषेसाठी केलेले काम दुसरीलाही उपयोगी पडावे, अशी कल्पना होती.

अडचण आली ती अर्थाची. संस्कृत शब्द दोन भाषांत पोचला म्हणजे त्याचा अर्थही तोच पोचतो असे नाही. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठी मुलाला मात्र शिक्षा म्हटले की अंगठे धरून उभे राहणे आठवते. हिंदीत ‘अवकाश’ म्हणजे रजा, आपल्याकडे अंतराळ किंवा मोकळा वेळ. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीतली म्हणजे थट्टा. सामाईक घटक जसाच्या तसा उचलला तर दुसऱ्या भाषेत तो भलतेच बोलू शकतो. ही अडचण पुढे संगणकावर पुन्हा भेटणार होती.

एक संकेत, अनेक लिप्या

१९७५ च्या जानेवारीत पहिले विश्व हिंदी संमेलन नागपूरला भरले. तिसरे १९८३ मध्ये दिल्लीला भरले, तेव्हा कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये तयार झालेला देवनागरी संगणक तेथे दाखवण्यात आला. या कामात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि हे तंत्रज्ञान ‘जिस्ट’ या नावाने तेथे वाढले. जिस्ट कार्ड साध्या संगणकात बसवले की मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीही भारतीय लिप्यांतील मजकूर घेऊ लागत. प्रत्येक आज्ञावली नव्याने लिहिण्याची गरज उरली नाही.

यामागचा विचार असा. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वळणे वेगळी असली तरी वर्णमाला जवळजवळ एकच आहे. म्हणून संकेत अक्षराच्या आकाराला न देता वर्णाला द्यावा. ‘इस्की’ या प्रमाणात ‘क’चा क्रमांक १७९ आहे, मग तो देवनागरी असो, गुजराती असो की बंगाली. तो पडद्यावर कोणत्या वळणाने काढायचा हे लिपीचा वेगळा भाग ठरवतो. इनस्क्रिप्ट कळफलकातही ‘क’ची कळ सर्व लिप्यांत एकच आहे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्कीला प्रमाण म्हणून मान्यता दिली.

त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरून घेतली, पण प्रत्येक लिपीला १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा दिला. म्हणून देवनागरी ‘क’ २३२५ वर, तर गुजराती ‘क’ २७०९ वर आहे. फरक ३८४, म्हणजे बरोबर तीन कप्पे. लिप्या अशा वेगळ्या झाल्या. हिंदी आणि मराठी मात्र एकाच कप्प्यात राहिल्या. त्यामुळे त्यांच्यातले बारकावे दुसरीकडे सांभाळावे लागतात. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या क्रमांकावरून शब्द लावले तर मराठी यादी चुकते. ‘ॲ’ला तर स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली.

वाक्यांची वही

अक्षरांचा प्रश्न असा मार्गी लागला. वाक्यांचा प्रश्न ‘गेटटेक्स्ट’ या व्यवस्थेने सोडवला. तिची ग्नू प्रकल्पातील आवृत्ती १९९५ मध्ये आली. तिची कल्पना साधी आहे. आज्ञावलीत मराठी वाक्य लिहायचेच नाही. मूळ वाक्य लिहायचे आणि त्याचे भाषांतर एका वेगळ्या वहीत ठेवायचे. आज्ञावली चालू असताना वापरणाऱ्याची भाषा पाहून त्या भाषेची वही उघडली जाते. वहीत वाक्य सापडले नाही तर मूळ वाक्य दिसते, काम अडत नाही.

सामाईक घटकांच्या दृष्टीने खरी खुबी पुढेच आहे. वही केवळ आज्ञावलीची नसते. प्रत्येक घटकाची स्वतःच्या नावाची वही असू शकते. फाईल उघडण्याची चौकट कोणत्याही आज्ञावलीत बसवा, ती आपली वाक्ये आपल्याच वहीत शोधते. त्यामुळे एका घटकाचे मराठीकरण एकदा झाले की तो वापरणाऱ्या साऱ्या आज्ञावलींमध्ये तेवढा भाग मराठी होतो. दोन घटकांच्या वह्यांत एकच शब्द वेगळ्या अर्थाने आला तरी त्यांची गल्लत होत नाही.

तरीही एकाच वहीत अडचण येई. इंग्रजी ‘ओपन’ म्हणजे ‘उघडा’ ही आज्ञा, की ‘उघडलेले’ ही स्थिती? २००६ मध्ये गेटटेक्स्टमध्ये संदर्भाची सोय झाली आणि एकाच शब्दाची दोन भाषांतरे ठेवता येऊ लागली. नागपूरच्या ‘शिक्षा’चाच हा प्रश्न होता.

वह्या वेगळ्या झाल्याने दुसरा प्रश्न उभा राहिला. एका वहीत ‘जतन करा’, दुसरीत ‘साठवा’, तिसरीत ‘सुरक्षित करा’ असे झाले तर वापरणारा गोंधळतो. म्हणून २००८ मध्ये रेड हॅट कंपनीच्या पुढाकाराने ‘फ्युएल’ प्रकल्प सुरू झाला. नेहमी लागणाऱ्या शब्दांची एक यादी करायची, त्या भाषेच्या जाणकारांनी एकत्र बसून ती तपासायची आणि ती सर्वांना खुली ठेवायची. महिने, वार, अंक यांची माहितीही अशीच ‘सीएलडीआर’ या सामाईक भांडारात असते. २००४ पासून ते युनिकोड संस्थेकडे आहे. तेथे मराठीसाठी देवनागरी अंक गृहीत धरले आहेत, हिंदीसाठी मात्र आंतरराष्ट्रीय अंक.

जेथे जोड उसवतो

इतके होऊनही एक गोष्ट यंत्राच्या हाती सहज लागत नाही, ती म्हणजे आपले सामान्यरूप. गाड्यांची माहिती देणारा एक घटक घ्या. गावाचे नाव आणि पुढे ‘-ला जाणारी गाडी’ अशी जोडणी त्याने केली, तर नागपूरला, अमरावतीला, गोंदियाला येथे काही बिघडत नाही. पण वर्धा आले की ‘वर्धाला’ आणि भंडारा आले की ‘भंडाराला’ असे दिसते. आपण म्हणतो वर्ध्याला, भंडाऱ्याला. ‘-त’ जोडायचा तर नागपूरही बदलते: नागपुरात. लिंगाचेही तसेच. चित्र पुसले, फाईल पुसली, मजकूर पुसला. इंग्रजीत मात्र तिन्हींना एकच वाक्य पुरते.

म्हणून वाक्याचे तुकडे न जोडता पूर्ण वाक्य भाषांतराला द्यावे, असा नियम आता मानला जातो. जेथे नाव घालावेच लागते तेथे अनुवादक रचना बदलतो. ‘जाण्याचे ठिकाण: भंडारा’ असे लिहिले की नाव मूळ रूपात राहते. मात्र ही मोकळीक त्याला घटक लिहिणाऱ्याने आधीच ठेवलेली असावी लागते. जोडणी आज्ञावलीतच पक्की असेल तर मराठी अनुवादक कितीही जाणकार असो, ‘भंडाराला’ पुसणे त्याच्या हाती उरत नाही. आणि तो घटक सामाईक असल्याने चूकही तो वापरणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीत जाते. मुले ती वाचतात आणि हळूहळू कानाला सवय होते.

वर्गात याचा एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना आपल्या जिल्ह्यातील वीस गावांची नावे लिहायला सांगावीत आणि प्रत्येकाला ‘-ला’ व ‘-त’ जोडायला लावावे. मग यंत्राला सांगता येतील असे नियम त्यांनीच शोधावेत. ‘आ’कारान्त नावाचा ‘-या’ होतो हा नियम वर्धा, भंडारा आणि सातारा यांना लागू पडेल. गोंदियापाशी तो अडेल. मग अपवादांची वही कोणी ठेवायची, घटकाने की भाषेने, ही चर्चा मुलांवर सोपवावी.