दार वाजवणाऱ्या बाईचं शिक्षण

आपल्याकडे ‘एंगेजमेंट’ म्हटलं की साखरपुडाच डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे ‘फॅमिली एंगेजमेंट मॅनेजर’ हे पद एखाद्या लग्नाच्या हॉलमधलं वाटू शकतं. प्रत्यक्षात ते अमेरिकेतल्या ‘हेड स्टार्ट’ या कार्यक्रमातलं आहे. हेड स्टार्ट म्हणजे गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या बालवाड्या. मुलांना शिकवायला तिथे शिक्षिका असतात. त्याशिवाय मुलांच्या घरी जाणारे, आईवडिलांशी बोलणारे, त्यांच्या अडचणी समजून घेणारे वेगळे कर्मचारी असतात. या कर्मचाऱ्यांना सांभाळणारी, शिकवणारी व्यक्ती म्हणजे ही मॅनेजर.

या पदासाठी काय शिकावं लागतं, हे मी शोधायला बसलो आणि थेट 1965 सालात जाऊन पोचलो. कारण तेव्हा या कामाची मुख्य पात्रता होती ती म्हणजे त्याच वस्तीत राहणं.

त्याच्या आदल्याच वर्षी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘गरिबीविरुद्धचं युद्ध’ छेडलं होतं. 1964 च्या कायद्यात एक अट घातलेली होती: गरिबांसाठीच्या योजनांमध्ये गरिबांचा स्वतःचा शक्य तितका जास्त सहभाग हवा. हेड स्टार्टचा आराखडा करणाऱ्या समितीत यूरी ब्रॉनफेनब्रेनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. मुलाला त्याच्या घरापासून, वस्तीपासून वेगळं काढून घडवता येत नाही, असं ते सांगत होते. म्हणून नुसती शाळा नको, कुटुंबालाही सोबत घ्यायचं, असं ठरलं. उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा कार्यक्रम झाला आणि त्यात पाच लाखांहून जास्त मुलं आली. एवढी माणसं आणायची कुठून? शिक्षकांना महाविद्यालयांमध्ये बोलावून सहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. बाकीचं प्रत्यक्ष कामातून शिकायचं.

यातलं सगळ्यात धाडसी प्रकरण घडलं मिसिसिपी राज्यात. काळ्या लोकांना तिथे मतदानाचा हक्क अजून नीट मिळालेला नव्हता. मतनोंदणीसाठी गेलं तर नोकरी जायची, कधी जीवही जायचा. अशा ठिकाणी टॉम लेविन या न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषकाच्या पुढाकाराने ‘चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी’ ही संस्था उभी राहिली. तिथल्या गोऱ्या गव्हर्नरला हे अनुदान अडवता येऊ नये म्हणून पैसा मेरी होम्स या छोट्या कॉलेजमार्फत आणला गेला. कायद्याने कॉलेजला दिलेल्या अनुदानावर गव्हर्नरचा नकाराधिकार चालत नव्हता. पहिल्याच उन्हाळ्यात ऐंशीच्या आसपास केंद्रं सुरू झाली आणि सुमारे 6000 मुलं आली.

केंद्रं चालवणार कोण? त्याच मुलांच्या आया, मावश्या, शेजारणी. कापसाच्या शेतात दिवसभर खुरपणी केली की यातल्या बायकांना साधारण तीन डॉलर मिळत. कित्येकींचं शिक्षण अर्धवट राहिलेलं. चर्चच्या खोलीत केंद्र कसं मांडायचं, जेवण कुठून आणायचं, कुणाला कामावर घ्यायचं, हे वस्तीतली समितीच ठरवायची. म्हणजे ‘कुटुंबाशी नातं जोडा’ असं कुणाला वेगळं सांगावंच लागलं नाही. कुटुंबच कार्यक्रम चालवत होतं.

हे कुणाला खुपणार, ते उघड होतं. सरकारी पगार थेट हातात आला की मालकाची भीती कमी होते. सिनेटर जॉन स्टेनिस यांनी हिशेबातल्या चुका आणि राजकीय चळवळीशी संबंध यावर बोट ठेवलं. नवख्या माणसांनी घाईत उभारलेल्या संस्थेच्या हिशेबात गोंधळ होताच. 1966 च्या शरद ऋतूत वॉशिंग्टनने अनुदान थांबवलं आणि नेमस्त लोकांची दुसरी संस्था पुढे आणली. देशभरातून ओरड झाल्यावर काही पैसा परत मिळाला, पण पहिली हिंमत परत आली नाही.

मला वाटतं, पुढच्या पन्नास वर्षांचा सगळा प्रश्न इथे आहे. आपली माणसं हवीत, कारण त्यांच्यावर वस्तीचा विश्वास असतो. पण हिशेब, नोंदी, कायदा यांचं शिक्षण नसेल तर विरोधक नेमकी तीच फट शोधतात. प्रशिक्षण म्हणजे या माणसांच्या हातातली ढाल. आणि त्याच प्रशिक्षणाची अट घालून त्यांना बाहेरही ठेवता येतं.

1970 साली सरकारने पालकांच्या भूमिका कागदावर आणल्या: निर्णयात वाटा, केंद्रात नोकरी किंवा मदत, स्वतःसाठीचे उपक्रम आणि घरी मुलासोबतचं शिकणं. धोरण समितीत किमान अर्धी जागा पालकांची, हा नियमही तेव्हाचा. 1972 मध्ये ‘होम स्टार्ट’चा प्रयोग 16 ठिकाणी सुरू झाला. त्यात कार्यकर्ती थेट घरी जाऊन आईसोबत बसायची. घरी जाणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, हे यातून लक्षात येत गेलं.

आपल्याला हे नवं नाही. तारा मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला. 1975 मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे तो देशभर पोचला. बोर्डी आणि मिसिसिपी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मूल येत नसेल तर आपण घराकडे जायचं, हे शहाणपण दोन्हीकडे सारखंच.

घरी गेल्यावर काय करायचं, ते मात्र शिकावं लागतं. समजा, आई दार अर्धवटच उघडते. मूल आठवडाभर आलेलं नाही. आत कुणीतरी ओरडतंय. तुम्ही लगेच उपदेश सुरू केलात तर ते दार पुन्हा उघडणार नाही. शिवाय अमेरिकेत मुलाला मारहाण होत असल्याची शंका आली तर ती कळवणं या कर्मचाऱ्यांना कायद्याने बंधनकारक आहे. जिचा विश्वास मिळवायचा, तिचीच तक्रार करायची वेळ येऊ शकते. म्हणून आजच्या प्रशिक्षणात मॅनेजरला एक खास गोष्ट शिकवतात: कर्मचारी घरभेटीहून परतली की फक्त फॉर्म भरला का, हे विचारायचं नाही. तिथे तुला काय वाटलं, राग आला का, भीती वाटली का, हेही विचारायचं. कर्मचारीचं ऐकून घेतलं गेलं, तर ती आईचं ऐकते.

2011 मध्ये हेड स्टार्टने कुटुंबाच्या कामाची नवी चौकट आणली. ‘पालकांचा सहभाग’ मागे पडून ‘फॅमिली एंगेजमेंट’ हा शब्द पुढे आला. सहभागात पालक तुमच्या कार्यक्रमाला येतात. एंगेजमेंटमध्ये त्यांची उद्दिष्टं काय, हे तुम्ही विचारता. नोकरी हवी, इंग्रजी शिकायचंय, घर बदलायचंय, जे असेल ते.

2016 मध्ये शिक्षणाच्या अटी आल्या. कुटुंबांसोबत थेट काम करणाऱ्या नव्या कर्मचाऱ्याने नेमणुकीनंतर 18 महिन्यांत समाजकार्य, समुपदेशन वगैरे विषयातलं प्रमाणपत्र मिळवायचं. 2024 च्या नियमांनी एका कर्मचाऱ्याकडे 40 पेक्षा जास्त कुटुंबं देऊ नयेत, असंही ठरवलं. ही दोन्ही पावलं मला रास्त वाटतात. आधी माणूस घ्या, मग त्याला शिकायला वेळ द्या.

पण त्याच 2016 च्या नियमांत मॅनेजरसाठी मात्र पदवी सुरुवातीलाच हवी. ती संबंधित विषयातली असली तर उत्तम, पण तसं बंधन नाही. म्हणजे वीस वर्षं घरोघरी फिरलेली, अनेकींना शिकवून तयार केलेली बाई पदवी नसेल तर मॅनेजर होऊ शकत नाही. भलत्याच विषयातली पदवी असलेली, एकही दार न वाजवलेली व्यक्ती मात्र चालू शकते. खालच्या पायरीवर 18 महिन्यांची सवलत आहे, वरच्या पायरीवर नाही.

हेड स्टार्टच्या कर्मचाऱ्यांमध्ये आजही साधारण पाचातली एक व्यक्ती तिथल्या मुलांची आजी-माजी पालक असते. मिसिसिपीचा वारसा तेवढा टिकून आहे. तो मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत न्यायचा असेल तर 18 महिन्यांसारखीच मुदत तिथेही लागेल. काम करता करता पदवी, फी कार्यक्रमाने भरायची, आणि घरोघरी घालवलेल्या वर्षांचे गुण त्या पदवीत धरायचे.