मानसिक आजारातून ‘बरं होणं’ म्हणजे नेमकं काय? ते कोणी ठरवायचं?

भीमाशंकरच्या आसपासच्या वाड्यांपासून पुण्यातलं येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो. सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते आणि हिरडा गोळा करायचे दिवस असतील तर जास्तच. मग पुढची तारीख चुकते, गोळ्या संपतात आणि केसपेपरवर ‘पेशंट येत नाही’ एवढीच नोंद उरते.

‘रिकव्हरी’ ही कल्पना इथेच कामाला येते. आवाज ऐकू येणं थांबलं का, झोप लागते का, हे डॉक्टर विचारतात आणि ते विचारायलाच हवं. पण त्या माणसाला कदाचित वेगळंच हवं असतं. गोळीने दिवसभर येणारी सुस्ती कमी व्हावी म्हणजे भातलावणीला जाता येईल, किंवा घरातल्या व्यवहारात पुन्हा आपलं मत विचारलं जावं. थोडी लक्षणं उरली तरी आयुष्य आपल्या हातात परत येणं, याला रिकव्हरी म्हणतात.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ नुसार उपचारांसाठी कोणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा घराजवळ मिळावी. वरची एसटी आठवा!

याच कायद्यात ‘आगाऊ निर्देश’ ही सोय आहे. आजार बळावून निर्णय घेता येईनासा झाला, तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे कोणतीही सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. तातडीच्या उपचारांना मात्र हा निर्देश लागू होत नाही. माणसाला साखळीने बांधून ठेवायलाही कायद्याने बंदी आहे.

महाराष्ट्रात असं काम झालंय का?

झालंय. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ दरम्यान नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्प राबवला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं. ती घरी जाऊन ऐकून घेत, अडचणीतून वाट काढायला मदत करत, दारू, बेकारी, घरातली भांडणं यांवरच्या छोट्या फिल्म मोबाइलवर दाखवत. आजार गंभीर वाटला तर डॉक्टरकडे पाठवत. सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणं हाही या कामाचाच भाग होता, आणि ते बरोबरच आहे. ताण पैशाचा असेल तर नुसत्या समुपदेशनाने काय होणार? पुढे हे काम गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात वाढलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत त्याची दखल घेतली.

आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातही डॉक्टर रोज पोहोचणं अवघड, पण आशाताई, अंगणवाडीताई वाडीवरच असतात.

आज मदत हवी असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तो चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.