लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधकांकडे का असते? मुरली मनोहर जोशी आणि टू-जी प्रकरण

सरकारने खर्च केलेल्या पैशाचा हिशेब संसदेच्या वतीने तपासणारी समिती म्हणजे लोकलेखा समिती. तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या खासदाराला देण्याची प्रथा आहे. मात्र समितीत बहुमत बहुधा सत्ताधारी आघाडीचेच असते. या दोन गोष्टींमधला ताण 2011 मध्ये टू-जी स्पेक्ट्रम प्रकरणात उघड झाला. तेव्हा भाजपचे खासदार मुरली मनोहर जोशी समितीचे अध्यक्ष होते.

समिती काय करते?

ही समिती 1921 मध्ये ब्रिटिश राजवटीत सुरू झाली. आज तिच्यात लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 असे 22 सदस्य असतात. त्यांची निवड दरवर्षी होते आणि पक्षांना संख्याबळाच्या प्रमाणात जागा मिळतात. मंत्र्याला सदस्य होता येत नाही.

नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, सरकारी हिशेबांची तपासणी करतात. त्यांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेत मांडले जातात. कॅग हे घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचे अधिकारी आहेत, असे मत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1949 मध्ये संविधान सभेत मांडले होते. पण कॅगला कोणाला शिक्षा करता येत नाही किंवा पैसे वसूल करता येत नाहीत. त्यांच्या आक्षेपांवर सचिवांना बोलावून जाब विचारण्याचे काम लोकलेखा समिती करते. समितीच्या शिफारशींवर काय केले, हे खात्याला नंतर कळवावे लागते.

विरोधी पक्षाचा अध्यक्ष कधीपासून?

पहिली काही वर्षे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचाच असे. 1967 मध्ये स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले आणि विरोधी पक्षाच्या खासदाराला हे पद देण्याची प्रथा पडली. मसानी हे मुंबईचे माजी महापौर. अध्यक्षाची नेमणूक लोकसभा अध्यक्ष करतात. जोशी यांच्या आधी बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे काही काळ या पदावर होते.

टू-जी प्रकरणात काय घडले?

जानेवारी 2008 मध्ये दूरसंचार खात्याने 122 परवाने लिलाव न करता, 2001 च्या दराने दिले. कॅगचा यावरील अहवाल 16 नोव्हेंबर 2010 रोजी संसदेत मांडला गेला. त्यात संभाव्य तोट्याचे वेगवेगळे अंदाज होते. सर्वांत मोठा 1,76,645 कोटी रुपयांचा होता.

संयुक्त संसदीय समिती (जेपीसी) नेमावी, या मागणीसाठी भाजपसह विरोधकांनी हिवाळी अधिवेशन चालू दिले नाही. जेपीसीची गरज नाही, लोकलेखा समिती पुरेशी आहे, असे सरकारचे म्हणणे होते. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लोकलेखा समितीपुढे येण्याची तयारीही दाखवली.

जोशींची भूमिका काय होती?

समितीचे काम आकड्यांची बेरीज तपासण्यापुरते नाही. निर्णय कोणत्या पद्धतीने झाला हेही तिला पाहता येते, अशी जोशी यांची भूमिका होती. त्यामुळे स्वतःचा पक्ष जेपीसीवर अडून बसला असतानाही त्यांनी समितीची चौकशी सुरू ठेवली. 2011 च्या सुरुवातीला जेपीसी नेमली गेली. त्यानंतर लोकलेखा समितीने थांबावे, असे सत्ताधारी सदस्य म्हणू लागले. जोशी थांबले नाहीत. समितीने उद्योगपतींची आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची साक्ष घेतली.

समितीची मुदत 30 एप्रिल 2011 रोजी संपत होती. जोशींच्या मसुद्यात पंतप्रधान कार्यालयावर आणि तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांच्यावर टीका होती. 28 एप्रिलच्या बैठकीत गोंधळ झाला आणि जोशी बाहेर पडले. त्या वेळच्या 21 सदस्यांपैकी काँग्रेस, द्रमुक, समाजवादी पक्ष आणि बसप यांच्या 11 जणांनी सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्ष निवडून मसुदा फेटाळला. बैठक आधीच तहकूब झाल्याने ही कृती अवैध आहे, असे जोशींचे म्हणणे होते. मसुदा अध्यक्षांनी एकट्याने ठरवला, असा सत्ताधाऱ्यांचा आक्षेप होता. जोशींनी अहवाल लोकसभा अध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे पाठवला. त्यांनी तो परत केला.

यातून काय दिसते?

लोकलेखा समितीच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडता येत नाही. अहवाल सर्वांच्या नावाने जातो आणि त्यामुळेच त्याला वजन असते. पण एकमत झाले नाही, तर अल्पमतात असलेल्यांचे म्हणणे अहवालाद्वारे सभागृहापुढे येऊ शकत नाही. जेपीसीत हे घडले नाही. तिच्या अहवालाने पंतप्रधानांना दोष दिला नाही, तरी विरोधकांची भिन्न मते त्याला जोडली गेली.

पुढे 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते 122 परवाने रद्द केले. 21 डिसेंबर 2017 रोजी विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातील आरोपींना निर्दोष सोडले. म्हणजे परवाने देण्याची पद्धत बेकायदा ठरली, पण गुन्हा सिद्ध झाला नाही. लोकलेखा समितीचे काम या दोन्हींहून वेगळे आहे: निर्णय कसा झाला आणि त्यात सार्वजनिक पैशाचे काय झाले, याचा जाब संसदेच्या वतीने विचारणे. अध्यक्षपद हाती असल्याने विरोधकांना विषय निवडता येतो, साक्षीदार बोलावता येतात आणि कागद मागवता येतात. निष्कर्ष मात्र बहुमताशिवाय काढता येत नाही.