शाळा (कादंबरी)

शाळा ही मिलिंद बोकील यांनी लिहिलेली मराठी कादंबरी आहे. मौज प्रकाशन गृहाने ती 2004 साली प्रकाशित केली. आणीबाणीच्या काळात, म्हणजे 1975च्या सुमारास, इयत्ता नववीत शिकणाऱ्या मुकुंद जोशी या मुलाच्या एका शैक्षणिक वर्षाचे चित्रण तीत आहे. खास कुमारवाचकांसाठी लिहिलेली नसतानाही पौगंडावस्थेवरील मराठी कादंबऱ्यांत तिचा उल्लेख प्रामुख्याने होतो.

पार्श्वभूमी
मराठीत शालेय वयाचे चित्रण करणारी परंपरा जुनी आहे. साने गुरुजींच्या श्यामची आई या पुस्तकात संस्कार हा केंद्रबिंदू आहे. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनविषयीच्या कथांत घरापासून दूर वाढणाऱ्या मुलाचे भावविश्व आहे. शाळा या कादंबरीत कुटुंबापेक्षा मित्रांचा गट अधिक महत्त्वाचा ठरतो. अमेरिकी लेखिका एस. ई. हिंटन यांच्या द आउटसायडर्स (1967) या कादंबरीतही किशोरवयीन मुलांचा गट केंद्रस्थानी आहे; मात्र तेथील संघर्ष दोन टोळ्यांमधील आहे, तर बोकील यांच्या कादंबरीतील चढाओढ वर्गाच्या चार भिंतींत आणि मुलांच्या मनात घडते.

कथानक
जोशी, चित्रे, सुऱ्या आणि फावड्या हे चौघे मित्र बांधकाम अर्धवट राहिलेल्या एका इमारतीत जमतात. अभ्यास, शिक्षक आणि मुली हे त्यांच्या गप्पांचे विषय असतात. जोशीला वर्गातील शिरोडकर आवडू लागते, तर सुऱ्याला केवडा. घरी धाक आणि शाळेत शिस्त असल्याने जोशी नरूमामापाशी मन मोकळे करतो. मुलांच्या भावना मोठ्यांच्या जगासमोर उघड होतात, तेव्हा त्यांना शिक्षा आणि नामुष्की सोसावी लागते. वर्ष संपताना गट विखुरतो, शिरोडकर दुरावते आणि जोशी दहावीच्या उंबरठ्यावर एकटा उरतो.

आशय
गटात सामावले जाण्याची ओढ आणि स्वतःचे काही जपून ठेवण्याची गरज यांतील ताण हे कादंबरीचे मुख्य सूत्र मानता येते. गटात सामील होण्यासाठी गटाची भाषा बोलावी लागते, धाडस दाखवावे लागते आणि गुपिते राखावी लागतात. एखादी मुलगी कोणाची ‘लाइन’ आहे हे मुलांनी आपसांत ठरवून टाकलेले असते; त्या मुलीचे मत विचारले जात नाही. जोशी ही भाषा वापरतो, परंतु शिरोडकरविषयी त्याला वाटणारे तीत मावत नाही. त्यामुळे मित्रांमध्ये असूनही तो काहीसा वेगळा पडतो.

आणीबाणीचा संदर्भ केवळ काळ सुचवण्यापुरता नाही. वडीलधारे देशातील बंधनांविषयी बोलत असताना मुले शाळेतील बंधने अनुभवत असतात. आज्ञापालन, भीती आणि बंड यांचे अर्थ या दोन पातळ्यांवर एकत्र वाचता येतात.

निवेदन आणि भाषा
कादंबरीचे निवेदन जोशी प्रथमपुरुषी करतो. त्याच्या बोलण्यात वर्गातील टोपणनावे, मिश्किल शेरे आणि मुलांची बोलभाषा येते. निवेदक चौदा-पंधरा वर्षांचा असल्याने घटनांचा पूर्ण अर्थ त्याला त्या क्षणी उमगत नाही. तो वाचकाने लावायचा असतो. अभ्यासकाच्या दृष्टीने हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण विनोद आणि करुणा दोन्ही त्यातूनच निर्माण होतात. मुलींचे चित्रणही जोशीच्या नजरेतूनच येत असल्याने त्यांच्या मनातील बरेचसे अव्यक्त राहते.

रूपांतरे
या कादंबरीवर आधारित गमभन हे नाटक विद्यासागर अध्यापक यांनी रंगभूमीवर आणले. सुजय डहाके दिग्दर्शित शाळा हा मराठी चित्रपट जानेवारी 2012 मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला. त्यात अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांच्या प्रमुख भूमिका आहेत. 59व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा, तर अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला. विक्रांत पांडे यांनी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला आहे.