इंजेरा कसा खावा?

इथिओपियातील भोजनगृहात प्रथमच जाणारा मराठी माणूस काहीसा गोंधळतो. समोर चमचा नसतो आणि ताटही एकट्याचे नसते. मोठ्या थाळीवर आंबोळीसारखा जाळीदार, मऊ आणि आंबूस पदार्थ पसरलेला असतो व त्यावर निरनिराळी कालवणे वाढलेली असतात. हाच इंजेरा. इथिओपिया आणि इरिट्रिया या दोन्ही देशांत तो रोजचे अन्न आहे. तेथील माणसांच्या पंक्तीला बसायचे, तर त्याचे काही नियम जाणून घेणे इष्ट ठरते.

टेफ नावाच्या, खसखशीएवढ्या बारीक धान्याच्या पिठात आधीच्या पिठाचे राखलेले विरजण घालून ते दोन-तीन दिवस आंबवतात. मग मोठ्या तव्यावर ते एकाच बाजूने भाजतात. आंबटपणा हा त्याचा मूळ गुण आहे. पदार्थ बिघडल्याची ती खूण नव्हे. टेफमध्ये ग्लुटेन नसते. मात्र परदेशातील भोजनगृहांत त्यात अनेकदा गव्हाचे वा बार्लीचे पीठ मिसळतात. ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

जेवण्याची पद्धत

हात धुतल्यावर उजव्या हातानेच जेवावे. इंजेराचा लहान तुकडा तोडून त्याच्या चिमटीत कालवण उचलावे आणि सबंध घास तोंडात घालावा. आपल्यासमोरच्या भागातूनच खावे. दुसऱ्याच्या बाजूला हात नेऊ नये. बोटे चाटणे असभ्य समजतात. कालवणांचा रस मुरलेला तळाचा इंजेरा शेवटी खातात.

यजमान स्वतःच्या हाताने पाहुण्याला घास भरवतो, त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. घास जितका मोठा, तितकी माया अधिक. तो नाकारल्यास यजमान दुखावतो. उष्ट्या-खरकट्याच्या संस्कारांमुळे किंवा प्रकृतीच्या कारणाने ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी बसण्यापूर्वीच नम्रपणे सांगून वेगळे ताट मागावे. ऐन वेळी तोंड फिरवण्यापेक्षा ते बरे.

शाकाहारींसाठी

तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बहुतेक बुधवारी व शुक्रवारी, तसेच ईस्टरपूर्वीचे ५५ दिवस उपवास पाळतात. आपल्या उपवासाशी त्याची गल्लत करू नये. साबुदाणा-वरीची तेथे अट नाही. डाळी, धान्ये, कांदा, लसूण सारे चालते. मांस, अंडी आणि दूधदुभते मात्र वर्ज्य असते. ‘बेयायनेतू’ या नावाने उपवासाचे मिश्र ताट मिळते. त्यात तिखट मसूर, पिवळा वाटाणा, पालेभाजी, कोबी-बटाटा आणि आपल्या पिठल्याची आठवण करून देणारा ‘शिरो’ असतो. काही जण उपवासाला मासे खातात. त्यामुळे ताटात मासे नाहीत ना, हे विचारावे. ‘बोझेना शिरो’ या प्रकारात मांस असते, हेही ध्यानात ठेवावे.

सावधगिरी

‘किटफो’ म्हणजे मसालेदार लोण्यात कालवलेला गोमांसाचा कच्चा खिमा. सणासमारंभात त्याला मोठा मान आहे. तथापि कच्च्या मांसातून पट्टकृमी आणि जंतुसंसर्गाचा धोका संभवतो. ‘लेबलेब’ प्रकार केवळ हलका परतलेला असतो, तोही पुरेसा सुरक्षित नाही. मांसाहारींनी तो पूर्ण शिजवून मागावा. तशी विनंती करण्यात गैर काहीच नाही. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि दुर्बल प्रकृतीच्या व्यक्तींनी कच्चा किटफो टाळावाच.

यजमानाच्या घरी जेवणानंतर अनेकदा कॉफीचा सोहळा होतो. ताज्या भाजलेल्या बियांची कॉफी अबोल, तोना आणि बराका अशा तीन फेऱ्यांत देतात. ‘बराका’ म्हणजे आशीर्वाद. त्याआधी उठणे अशिष्ट मानले जाते. म्हणून अशा आमंत्रणाला जाताना हाताशी पुरेसा वेळ ठेवावा.